शिकविणाऱ्याचीच शाळा : राजुरा परिसरातील प्रौढ साक्षरतेचा मागोवा

राजुरा तालुक्यातील कोणतेही एक जुने खेडे डोळ्यांसमोर आणावे. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत ते हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तालुक्याबरोबर हे खेडेही मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात गेले. पुढे १९५९ साली राजुरा तालुका चांदा जिल्ह्याला जोडण्यात आला. गाव जागचे हलले नाही, त्याची विहीर हलली नाही, देवस्थान हलले नाही. पण तीन वर्षांत तीन जिल्हे झाले. निजामाच्या अमदानीत वरच्या कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १९५९ नंतर अर्ज, पावती आणि नोटीस मराठीत येऊ लागली. आणि या सगळ्या काळात त्या खेड्यातील गोंड घरांत गोंडी, कोलाम घरांत कोलामी, तर दक्षिणेकडच्या कित्येक घरांत तेलुगू बोलली जात होती.

हे सांगण्याचे कारण असे की, 'निरक्षर' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. ज्या शेतकऱ्याला मराठी अक्षरओळख होती, तोही उर्दू हुकूमनाम्यापुढे निरक्षरच होता. पुढे मराठी आली तेव्हा तो साक्षर ठरला, आणि त्याचा गोंड शेजारी होता तेथेच राहिला. अशा प्रदेशात प्रौढांना लिहायला-वाचायला शिकविण्याचे काम जो स्वेच्छेने अंगावर घेतो, त्याला आधी स्वतः काय शिकावे लागते, हा या लेखाचा विषय आहे. आपल्या अनेक धर्मग्रामांतील तरुण-तरुणी आणि निवृत्त शिक्षक या कामासाठी पुढे येऊ पाहत आहेत; त्यांना या प्रश्नाचा इतिहास ठाऊक असावा असे वाटते.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण राजुऱ्याच्या दक्षिणेस, माणिकगडच्या डोंगरांच्या पलीकडे घडले. १९४० साली आदिलाबाद जिल्ह्यात जमीन व जंगलाच्या हक्कांसाठी कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला. जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात भीम मारले गेले. उठाव मोडला, पण निजाम सरकारला प्रश्न पडला की, हे लोक एवढे का पेटले? त्याचा शोध घेण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. महायुद्ध चालू होते, ब्रिटिशांच्या लेखी हा गृहस्थ शत्रुराष्ट्राचा नागरिक होता, आणि त्याला हैदराबाद राज्यात राहण्याची मुभा मिळालेली होती. तो आणि त्याची पत्नी बेट्टी १९४१ पासून उटनूर तालुक्यातील मारलवाई या गोंड खेड्यात राहिली. त्या वेळी राजुरा तालुका याच जिल्ह्याचा भाग होता, हे ध्यानात ठेवावे.

हायमेनडॉर्फ यांना दिसलेली गोष्ट साधी होती. गोंडांची जमीन जात होती ती बहुधा कागदावर. ज्याला कागद वाचता येत नव्हता त्याला आपली जमीन गेली हेसुद्धा उशिरा कळे. तेव्हा शिक्षण हवे. पण शिकविणार कोण? बाहेरचे मास्तर डोंगरात राहायला तयार नव्हते, आणि आले तरी त्यांची भाषा मुलांना समजत नव्हती. म्हणून १९४३ साली मारलवाई येथे जे केंद्र उघडले गेले, ते मुलांची शाळा म्हणून नव्हे, तर शिक्षक घडविण्यासाठी. ज्या थोड्या तरुण गोंडांना मराठीची जुजबी अक्षरओळख होती, त्यांना शोधून आणण्यात आले. हे वयाने वाढलेले, संसारी, हाताला नांगराची सवय असलेले लोक प्रथम स्वतः शिकले आणि मग आपापल्या भागात शिकवू लागले. त्यांच्यासाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. देवनागरी का, याचे उत्तर त्या थोड्या अक्षरओळखीत आहे. त्या भागातील गोंडांना लिहिती भाषा म्हणून जी काही माहीत होती, ती मराठीच होती.

मारलवाईत तयार झालेल्या लोकांतून पुढे केवळ शिक्षकच नव्हे, तर पटवारी आणि वनरक्षकही नेमले गेले. ज्या कागदाने जमीन नेली, तो कागद लिहिणारा हात आता गावचाच होता. माझ्या मते त्या योजनेचे खरे मर्म येथे आहे. गोंडी पाठ्यपुस्तके हे त्याचे साधन होते.

मराठी वाचकाने या संदर्भात आणखी एक नाव विसरू नये. शिवकालाचे अभ्यासक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतु माधवराव पगडी हैदराबाद राज्याच्या सेवेत अधिकारी होते, आणि आदिलाबादच्या गोंडांमध्ये त्यांनी काम केले. ते नुसते दौरे काढून थांबले नाहीत. गोंडी शिकले, गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गोंडी भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. एका सनदी अधिकाऱ्याला आपल्या प्रजेच्या भाषेचे व्याकरण लिहावेसे वाटावे, हा आपल्याकडचा विरळा योग म्हणावा लागेल. आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेत मात्र त्याला जुने उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यात आले, साष्टीच्या लोकांची भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. देवनागरीचे खिळे नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापावे लागले. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ना ही लिपी वाचता येत होती ना ती. ते ऐकत होते, आणि त्यांना ते समजत होते.

मारलवाईचे पुढे काय झाले? राज्यपुनर्रचनेने आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला आणि राजुरा मराठी मुलखात आला. तिकडच्या शाळांत तेलुगू आली, इकडच्या शाळांत मराठी. देवनागरीतील गोंडी पुस्तके दोन्हीकडे पोरकी झाली. हायमेनडॉर्फ यांनी पुढे कित्येक वर्षांनी त्या भागाला पुन्हा भेट देऊन जे लिहिले, त्यात या गोष्टीची खंत आहे. बेट्टी हायमेनडॉर्फ १९८७ साली वारल्या. त्यांची समाधी मारलवाईतच आहे. जुन्या राजुरा तालुक्यातून निघालेल्या जिवती तालुक्यात आजही अशी चौदा गावे आहेत की ज्यांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी दावा सांगितला. तेथे दोन्ही सरकारांच्या शाळा चालल्या, घरात दोन-दोन मतदार ओळखपत्रे आली. गोंडीची शाळा मात्र दोघांपैकी कोणीही काढली नाही.

आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. २००६ साली आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या खेड्यात गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली जुनी हस्तलिखिते हैदराबाद विद्यापीठाच्या संशोधकांना मिळाली, आणि ती वाचू शकणारे काही वृद्ध गावात तेव्हाही हयात होते. सरकारी मोजणीत हे आजोबा कोणत्या रकान्यात घातले गेले असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता अभियानाचा मोठा बोलबाला होता. मी तेव्हा सेमिनरीत होतो आणि सुटीत आम्हां काही जणांना एका गोंड पाड्यावरील रात्रीच्या वर्गात शिकवायला पाठविण्यात आले होते. कंदील, पाट्या, खडू आणि एक चित्रांचे पुस्तक एवढी सामग्री. एके रात्री मी फळ्यावर घागर काढली आणि खाली 'पाणी' असे लिहिले. समोर एक वयस्क बाई होत्या. मी बोट ठेवून विचारले, "आजी, वाचा बरं." त्यांनी चित्राकडे पाहिले, अक्षरांकडे पाहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "येर." मी म्हणालो, "नाही आजी, पाणी." त्या पुन्हा म्हणाल्या, "येर." मी तिसऱ्यांदा दुरुस्त केले तेव्हा त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हटले, "तुमच्या घरी पाणी, गुरुजी. आमच्या घरी येरच हाय."

गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात. आजींचे उत्तर चूक नव्हते. मला ते ओळखता आले नाही. दुसऱ्या रात्री त्या आल्या नाहीत. पाड्यावरच्या एका मुलाने मला चूक समजावून सांगितली, आणि मग मी फळ्यावर प्रथम 'येर' लिहू लागलो, 'नार' म्हणजे गाव, 'रोन' म्हणजे घर. 'ये' आणि 'र' ही अक्षरे तीच. ती एकदा हाती आली की 'पाणी' लिहायला फार वेळ लागत नाही. वर्ग पुढे चालला. त्या आजी मात्र पुन्हा पाटी घ्यायला आल्या नाहीत, आणि याचा दोष मी पुस्तकावर ढकलू शकत नाही.

मारलवाईत १९४३ साली जे कळले होते ते मला पन्नास वर्षांनी एका बाईने शिकवावे लागले, कारण मधल्या काळात ते आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते. महाराष्ट्रात प्रौढशिक्षणाचे प्रयत्न कमी झाले असे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा चालविली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. संपूर्ण गाव साक्षर करावयाचे आणि मग ग्रामगौरव समारंभ करून साक्षर राहण्याची शपथ घ्यावयाची, अशी तिची रीत होती. १९६१ पासून ती राज्यभर नेण्यात आली. उत्साह खरा होता. पण समारंभ झाला, गुरुजी आपल्या शाळेत परतले, गावात वाचायला काही उरले नाही, आणि पुष्कळसे नवसाक्षर काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आला; त्यात केंद्र चालविणाऱ्याला महिना ५० रुपये मानधन होते. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. केरळातील एर्नाकुलम जिल्हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला, आणि त्या यशामुळे देशभर विनामोबदला स्वयंसेवकांची पद्धत रूढ झाली.

येथे एक स्पष्ट बोलले पाहिजे. स्वयंसेवक हा स्वस्तातला शिक्षक, असा एक समज सरकारात आणि (का लपवावे?) आपल्या संस्थांतही आढळतो. स्वयंसेवकाची कल्पना पैशाच्या टंचाईतूनच जन्मली, हे खरे आहे. फ्रँक लाउबाख हे अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी १९३० पासून फिलिपाइन्समधील लानाव प्रदेशात मुस्लिम मारानाव लोकांना शिकवीत होते. मंदीमुळे पैसा आटला, शिक्षकांना पगार देता येईना, तेव्हा तेथल्याच एका सरदाराने जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकविलेच पाहिजे असा दंडक घातला. हीच पद्धत घेऊन लाउबाख १९३५ साली भारतात आले. पण तो दंडक चालला याचे कारण एवढेच नव्हे की तो फुकट होता. शिकविणारा हा कालपर्यंत स्वतः शिकणारा होता आणि शेजारच्या घरात राहत होता. अडलेल्याला दुपारी जाऊन विचारता येत होते.

आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेतही याचे एक मोठे उदाहरण आहे आणि ते आपल्याकडे फारसे परिचित नाही. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, डोंगराळ भागातील सुतातेन्सा नावाच्या गावी १९४७ साली होसे होआकिन साल्सेदो हे तरुण साहाय्यक धर्मगुरू आले. गावे विखुरलेली, शेतकरी गरीब, बहुतेकांना अक्षरओळख नाही. एका धर्मगुरूने कोठे कोठे पोहोचावे? साल्सेदो यांनी एक लहान रेडिओ प्रक्षेपक बसविला आणि त्यावरून धडे देण्यास सुरुवात केली. पुढे हे केंद्र देशव्यापी झाले, त्याचे साप्ताहिक निघाले, पुस्तके निघाली. पण रेडिओ फळ्यावर अक्षर काढू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक वस्तीवर ज्याला थोडेफार वाचता येते अशा एका शेजाऱ्याला नेमण्यात आले. त्याला 'जवळचा साहाय्यक' म्हणत. तो संध्याकाळी चार घरांतील माणसे रेडिओभोवती बसवी, आवाज सांगेल तसे अक्षर फळ्यावर काढी, एकेकाचा हात धरून गिरवून घेई. पगार नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते रेडिओ केंद्र बंद पडले, संस्था कर्जात गेली. परंतु तोवर लाखो शेतकरी त्या साहाय्यकांच्या अंगणात बसून लिहायला शिकले होते. पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेस्सिओ' या परिपत्रकात अक्षरज्ञानाचा अभाव अन्नाच्या अभावाइतकाच गंभीर मानला, त्यामागे लॅटिन अमेरिकेतील अशा अनुभवाचाही आधार असावा, असे मला वाटते.

आमच्या चांदा धर्मप्रांताचा प्रारंभ ३१ मार्च १९६२ चा. पोप तेविसावे जॉन यांनी हे मिशनक्षेत्र सी.एम.आय. संघाच्या स्वाधीन केले, १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. शासनाने १९५६ साली तोडलेले राजुरा आणि आदिलाबाद ख्रिस्तसभेच्या नकाशावर १९९९ पर्यंत एकत्र होते, ही इतिहासाची एक गंमतच. केरळातून आलेले ते पहिले धर्मगुरू आणि धर्मभगिनी मल्याळम बोलणारे होते. तिशी-चाळिशीच्या वयात त्यांना मराठी शिकावी लागली, बाजारात हसून घ्यावे लागले, लिंगभेदाच्या चुका कराव्या लागल्या. म्हणजे आमच्या मिशनचे पहिले प्रौढ विद्यार्थी कोण, तर आमचे धर्मगुरूच! त्यांच्यापैकी जे मनापासून शिकले, त्यांच्या हाताखाली माणसे शिकली असे मी पाहिले आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील फिलिपदेखील त्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याला रस्त्यावरून उपदेश करीत राहिला नाही. रथावर चढून त्याच्या शेजारी बसला, आणि तो वाचीत होता तेथूनच त्याने आरंभ केला.

आता हिशेबाची गोष्ट. राष्ट्रीय साक्षरता मिशनने साक्षर कोणाला म्हणावे याचे मोजमाप ठरविले होते : सोपा उतारा मिनिटाला ३० शब्द या गतीने मोठ्याने वाचणे, मनात ३५, पाहून ७ शब्द लिहिणे, ऐकून ५, १ ते १०० अंक आणि साधे हिशेब. त्यासाठी सुमारे २०० तास धरलेले होते. रोज दीड तास धरला तरी १३० हून अधिक रात्री होतात. राजुरा भागात कापसाची वेचणी जानेवारीपर्यंत लांबते, मार्चमध्ये मोहफुले सुरू होतात, मेमध्ये तेंदूपाने, आणि पाऊस पडला की पेरणी. १३० रात्री सलग मिळतील असा हंगाम या वर्षात नाही. मोहिमांच्या तारखा ठरविणाऱ्यांनी मोहफुले कधी वेचली नसावीत. शिकविणाऱ्याने काम दोन वर्षांत वाटून घ्यावे आणि मधल्या महिन्यांत वाचन सुटू नये म्हणून काही द्यावे, हाच मार्ग उरतो.

काय द्यावे? ज्याची गरज पडते ते. राजुऱ्यातून वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर, तेथे १९४५ साली कागद गिरणी उभी राहिली. या जंगलांतील बांबूचा तेथे कागद होई, आणि बांबू तोडणारा मजूर मजुरीच्या कागदावर अंगठा उठवी. दुसरीकडे, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने हा क्रम उलटा करून दाखविला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे वर्षानुवर्षे अभ्यासगट चालले. कायदा मोठ्याने वाचावयाचा, गोंडीत समजून घ्यावयाचा, एकमत होईपर्यंत बोलावयाचे. वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्यानुसार गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ते पुस्तक गावालाच लिहावयाचे होते. किती बांबू, कोणाला, कोणत्या दिवशी. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा हा धडा प्रौढ माणसाला लवकर समजतो. आमच्याकडे तेच काम वनहक्काचा दावा, सातबारा, बचतगटाची वही आणि कापसाच्या वजनाची चिठ्ठी करील.

केंद्र शासनाचा 'उल्लास' हा नवा कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे; वय १५ पुढील कोणीही शिकू शकतो, शिकविणारे स्वयंसेवक, आणि शेवटी वाचन, लेखन व अंकज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असलेली चाचणी. आमच्या धर्मग्रामात कापसाची वेचणी आटोपली की दोन पाड्यांवर रात्रीचे वर्ग बसविण्याचे ठरले आहे. नावे पुष्कळ आली. मी प्रत्येकाला एकच विचारतो : तुम्ही कोणाच्या शेजारी राहता, आणि त्या घरात कोणती भाषा बोलतात? गोंडी बोलणाऱ्या दोघी मिळाल्या आहेत. त्यांतील एक स्वतः पाच वर्षांपूर्वी सही करायला शिकली. कोलामी बोलणारे अद्याप कोणी मिळालेले नाही. तोवर त्या पाड्यावर शिकवायला नव्हे, तर चार शब्द शिकून यायला जाईन म्हणतो.